बाबिनची चाकं

माझी आई गेली तेव्हा तिच्या भांड्यांबरोबर अण्णांची आगगाडीही पोत्यात बांधून माझ्या सासरी आली. अण्णा म्हणजे माझे वडील, ते आधीच गेले होते. सोलापूर स्टेशनात मालगाडीचे डबे दुरुस्त करणारे सुतार. मी लहान असताना नातेवाईक त्यांना सांगत, मुलीला लाकडी भातुकली करून दे. त्यांनी मला इंजिन, पाच डबे आणि पितळी पट्ट्यांचे रूळ करून दिले. रूळ खिडकीपासून उतरत यायचे, खोलीच्या कोपऱ्यात वळायचे आणि भिंतीशी संपायचे. गाडी वरून सोडली की आपली आपण खाली यायची. इंजिनाला दोरी बांधायला त्यांनी साधा खिळादेखील ठोकला नव्हता. "ओढावी लागली तर ती आगगाडी कसली?" म्हणायचे.

सासरी मी ती उंच फळीवर ठेवली होती. पण मामांकडे लग्नाला म्हणून मी बार्शीला गेले, आणि तेवढ्यात थोरल्या दिरांनी इंजिनाच्या धुराड्याला सुतळी बांधून गाडी आपल्या मुलांच्या हाती दिली. परत येऊन पाहते तर शहाबादी फरशीवर खडखडून चाकांच्या कडा उडालेल्या. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने उंच कड असते, तीच त्याला रुळावर धरून ठेवते. कड गेली की सगळंच गेलं. मी इतकी संतापले की दोन दिवस दिरांचं ताट त्यांच्यापुढे आपटूनच ठेवलं.

दिरांनी बाजारातून नवी चाकं आणली. सपाट, लाल रंगाची, बैलगाडीच्या खेळण्याला असतात तसली. "ही लाव. मग फरशीवर पळव, नाहीतर अंगणात पळव. त्या रुळांचं लचांड कशाला?"

"ते लचांड माझ्या वडलांनी केलंय, भावजी. चाकं मी निवडीन."

"मग रविवारपर्यंत निवड. नाहीतर मी ही ठोकून देतो. पोरं किती दिवस रडतील?"

आमचे हे चौकटीत उभे होते. त्यांना अचानक विहिरीवर काम आठवलं.

आता कडेचं चाक आणायचं कुठून? शेजारच्या तेलुगू विणकर घरात मागावर सूत गुंडाळायच्या लाकडी बाबिनी होत्या. मधे बारीक नळी आणि दोन्ही टोकांना उंच कड. बाबिन मधोमध कापली तर काय उरेल? एका बाजूला कड असलेलं, मधे भोक पाडलेलं चाक! मी धावतच गेले. त्या घरातल्या बाईंनी चिरा पडलेल्या बाबिनींची टोपली माझ्यापुढे ओतली आणि हसत म्हणाल्या, "घ्या की अक्का, आमी तर चुलीत घालतो."

त्या बाबिनी एकसारख्या नव्हत्या. काही झिजलेल्या, काही मुळातच जाड. म्हणून कापून झाल्यावर मी जेवायचा पाट तिरका टेकवला आणि दोन-दोन चाकं एका काडीवर बसवून वरून सोडायला लागले. जोडी सरळ खाली आली तर जमली. एका अंगाला वळली तर त्या बाजूचं चाक लहान, जोडी मोडायची. सासूबाई समोर ज्वारी निवडत होत्या. त्यांचं माहेर माढ्याकडचं, गाड्या-बैलांत वाढलेल्या. खडे बाजूला टाकता टाकता त्या माझ्या चाकांवरही नजर ठेवून होत्या.

"आसावर चाक सुटं ठेव गं," त्या म्हणाल्या. "आन् एरंडेल सोड. गाडीचं चाक मोकळं फिराया पायजे."

मला ते पटलं. माझ्या सासरच्या सगळ्या बैलगाड्या तशाच चालत आल्या होत्या. जुन्या आसांच्या टोकांना तपकिरी, कडक असं काहीतरी चिकटलेलं होतं, तो मळ समजून मी खरवडून टाकला. एरंडेल घातलं, चाकं सुटी बसवली, शनिवारी दुपारी गाडी सोडली. वळणावर पहिल्याच डब्याची चाकं वेडीवाकडी झाली आणि सगळी गाडी फरशीवर कोसळली. दीर पानाला चुना लावत होते. "झालं?" एवढंच म्हणाले. त्या एका शब्दाने माझ्या डोक्यात तिडीक गेली.

शेवटच्या डब्याची अण्णांनी बसवलेली एक जोडी शाबूत होती, म्हणून ती मी काढली नव्हती. रागाने त्यातलं एक चाक पिरगाळून काढायला गेले तर हलेना. चाक फिरवलं की आसही फिरे, आणि डब्याखालच्या पत्र्याच्या कड्यांत आस छान गरगरे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मळ म्हणून खरवडला होता तो अण्णांनी चाकं चिकटवायला लावलेला सरस होता. बैलगाडीचं चाक आसावर फिरतं. आगगाडीची दोन्ही चाकं आसाला धरून एकजीव फिरतात.

सरस मिळाला सुताराकडे. पण तो गरम करावा लागतो, आणि तो कातड्यापासून करतात.

"माझ्या चुलीवर कातडं शिजवायचं न्हाय!" सासूबाई कडाडल्या. "सांगून ठिवते, भांडं बाटलं तर उंबऱ्याच्या भायेर!"

"बरं, तर मग उंबऱ्याबाहेर," मी म्हटलं. परसात तीन दगड मांडले, फुटक्या कढईत पाणी ठेवलं, त्यात सरसाचा डबा. अख्ख्या आळीला वास गेला. जाऊबाई नाकाला पदर लावून दार लावून बसल्या. लावू देत. वडलांनी ज्या वासात आयुष्य काढलं त्याची मला लाज वाटत नव्हती, उलट कित्येक दिवसांनी ते घरी आल्यासारखं वाटलं आणि धुराच्या नावाखाली मी रडून घेतलं.

रविवारी मिलचा भोंगा नसतो, घर उशिरा उठतं. जेवणं झाल्यावर मी खिडकीपासून रूळ मांडले. दीर लाल चाकं आणि हातोडी घेऊनच बसले होते. मी गाडी सोडली. उतार, कोपरा, वळण. वळणावर डबे जरासे कुरकुरले, आणि गाडी वळून भिंतीशी टेकली. मुलांनी आरडाओरडा केला.

"चालली खरी," दीर म्हणाले. "आता सुतळी बांध आणि देऊन टाक पोरांना."

ती सुतळी माझ्याकडेच होती. मी त्यांची लाल चाकं तिच्यात ओवली, गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिली. "ही ओढा, भावजी. मुलांना गाडी खेळायची असेल तर माझ्याकडे यावं. रुळावरच खेळायची."

घरात एवढं मोठ्याने मी त्याआधी कधी बोलले नव्हते. दिरांनी आईकडे पाहिलं, आता ही सुनेला काय बोलते म्हणून. सासूबाई निवडलेली ज्वारी बाजूला सारून मी चाकं पारखलेला तोच पाट घेऊन वळणापाशी येऊन बसल्या.

"त्याच्याकडं काय बघतीस," त्या मला म्हणाल्या. "सोड की परत."