बुरशीबाईंचं पिंप

आमच्या धाकट्या जावेला कागद गिरणीत सगळे ‘बुरशीबाई’ म्हणतात. तोंडावर. तिला चालतं, मग मी कोण नाक मुरडणारी?

गिरणीच्या सांडपाण्याच्या टाक्यांवर तिची बावीस वर्षं गेली. कागद पांढरा निघतो, पण लाकडाचा रंग जातो कुठे? पाण्यात. कोऱ्या चहासारखं ते पाणी जुन्या टाक्यांतून तसंच बाहेर पडायचं. एकदा हिला वखारीत एक ओंडका दिसला, बुरशीनं पांढराफटक केलेला. घरी येऊन म्हणाली, “जाऊबाई, ही लाकडाचा रंगच खाते. मग पाण्यातला का नाही खाणार?” मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, मला सुचलं नव्हतं, हे कबूल.

गिरणीच्या साहेबांनी तिला त्या पाण्याचं एक पिंप आणि वीस दिवस दिले. पाणी निवळलं तर मोठी टाकी, नाही तर पिंप भंगारात. लाकडाच्या चिपांवर बुरशी वाढवून तिनं पिंपात सोडली. तेराव्या दिवशी पाणी सरबताइतकं फिकं झालं आणि चौदाव्या दिवशी हिनंच घात केला. जुन्या टाक्यांत आंबटपणा मारायला रोज सकाळी चुन्याचं पाणी सोडतात. बुरशीला मात्र पाणी जरा आंबटच लागतं. बावीस वर्षांची सवय! हातानं पिंपावरचा चुन्याचा नळ फिरवला, डोकं मागून पोचलं. दोन दिवसांत सगळ्याचा गिळगिळीत लगदा.

फोरमन म्हणाला, “बुरशी मेली म्हणा की. चुन्याचं कशाला काढता?”

ही सरळ साहेबांपुढे. “चूक माझ्या हाताची, बुरशीची नाही.”

“वीस म्हणजे वीसच, बाई.”

“चार उरलेत. पुरतील.”

पुरणारच होते; पहिल्यांदा वेळ गेला तो बुरशी वाढवण्यात, या खेपेला ती वाढून तयार होती. माझ्या स्वयंपाकघरातले दोन मोठे डबे तिनं तीन आठवडे अडवून ठेवले होते, बुरशीच्या चिपा भरून, वर फडकं बांधून. “इथे कुजकी लाकडं?” म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा म्हणाली होती, “विरजण कधी सगळं संपवायचं नसतं, जाऊबाई.” आता एक डबा मीच उचलून गिरणीच्या फाटकापर्यंत नेला. तिनं पिंप धुऊन नवं सांडपाणी भरलं, त्यात बुरशी सोडली आणि चुन्याच्या नळाला तारेचे सात वेढे घातले.

विसाव्या दिवशी साहेबांनी काचेच्या नळकांड्यात पाणी घेतलं आणि मागे छापील कागद धरला. बारीक अक्षरंसुद्धा वाचता आली.

“मोठी टाकी कुठे बसवायची?” त्यांनी विचारलं.

“चुन्याच्या नळापासून लांब,” ही म्हणाली. “म्हणजे माझ्यापासून.”