चावत नाही

आत्याच्या जिभेला हाड नव्हतं हे सगळे सांगायचे. पण त्याच जिभेवर एक अख्खा कारखाना चालला होता, हे सांगायची वेळ आली की लोक मूग गिळून बसायचे.

कारखाना म्हणजे तरी काय, तीन खोल्या. पुढे दुकान, मधे पानं निवडायची लांबट टेबलं आणि मागच्या खोलीत लोखंडी स्क्रूचा एक दाब. त्या दाबाखाली तंबाखूची पानं सहा आठवडे मुरत पडायची, मग त्यांच्या घट्ट वड्या निघायच्या, त्या वड्या चिरून, मोकळ्या करून डब्यात भरायच्या. पाइपात भरून ओढायची तंबाखू. डबा गोल आणि पिवळा. वर मोठ्या अक्षरात ‘आत्याचं मिश्रण’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात दोनच शब्द : ‘चावत नाही’.

पाइप न ओढणाऱ्याला हे शब्द चमत्कारिक वाटायचे. कुत्र्याच्या फाटकावर लिहावं तसं डब्यावर काय लिहिलंय, असं गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या बायका हसून विचारायच्या. पण धंद्यातल्या माणसाला पुरतं कळायचं. कच्ची किंवा ओलसर तंबाखू गरम जळते, धूर जिभेच्या शेंड्यावर चरचरतो, आणि दुसऱ्या दिवशी चहासुद्धा धड लागत नाही. त्याला म्हणायचं तंबाखू चावते. आत्याची चावत नाही. आत्या स्वतः चावते, तंबाखू नाही, असं दुकानात सगळे म्हणायचे, आणि आत्याच्या कानावर गेलं तर ती म्हणायची, “दोघींपैकी एकीनं तरी चावायला नको का?”

एकोणिसाव्या वर्षी ती इथे आली तेव्हा पानांच्या शिरा काढायला लागली होती. बायकांनी मधल्या खोलीत बसायचं आणि शिरा काढायच्या. मागच्या खोलीत मिश्रण करायचं, ओढून बघायचं, ते पुरुषांचं काम. चार चाखणारे होते. थोरले मालक नवं मिश्रण घेऊन आले की चौघं दोन झुरके घ्यायचे, डोळे मिटायचे आणि माना डोलवायचे. एकानं ‘वा’ म्हटलं की बाकीचे तिघं त्याची री ओढायचे. आत्या झाडू मारताना त्यांच्या टेबलाखाली सांडलेली चिमूट चिमूट गोळा करायची आणि जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्याखाली वडिलांच्या तुटक्या पाइपात भरून ओढायची. का, तर चौघं मिटल्या डोळ्यांनी काय बघतात ते तिला बघायचं होतं.

एक दिवस धुराच्या मागे मागे थोरले मालक स्वतःच जिन्याखाली आले. दुसरी कुणी असती तर तिची पाचावर धारण बसली असती. ही पाइप तोंडातच ठेवून उभी राहिली.

“कशी आहे?” मालकांनी विचारलं. बहुधा रागानंच विचारलं असेल.

“चावते,” ती म्हणाली.

“चौघांना चावली नाही, आणि तुला चावली?”

“चौघं दोन झुरक्यांत उठतात. वरवर सगळ्याच तंबाखू गोड बोलतात, मालक. तळापर्यंत ओढा, म्हणजे कळेल.”

मालकांनी तिथेच, उभ्या उभ्या, तळापर्यंत ओढली. दुसऱ्या दिवशी त्यांना चहा लागेना. महिन्याभरात आत्या मागच्या खोलीत गेली. चौघांतला एक म्हणाला, बाई इथे बसणार असेल तर मी घरी जातो. आत्या म्हणाली, “जा की.” तो गेला. घरी बहिणीनं बोलणं टाकलं, वहिनीनं भांडी वेगळी केली, शेजारणी पदराआड हसल्या. आत्यानं त्यातलं काही मनाला लावून घेतलं नाही असं म्हणणं खोटं होईल. लावून घेतलं, चांगलं लावून घेतलं, आणि म्हणून तर इतकी उत्तम तंबाखू केली.

ती कशी होती ते सांगायलाच हवं. तिच्यात अर्ध्याहून जास्त पिवळं पान, त्याची गोडी सुकल्या गवतासारखी. त्यात उन्हात वाळवलेलं लहान पान, बोटाच्या पेराएवढं, किंचित आंबट. आणि लाकडाच्या धुरावर टांगून काळं केलेलं पान, पण तेवढं चिमटीनं. जास्त झालं तर घर जळाल्याचा वास येतो. पाइप पेटला की आधी ते गवत लागायचं. निम्म्यावर आलं की जुनं लाकडी कपाट उघडल्याचा वास. आणि तळाशी, जिथे बाकीच्या तंबाखू कडवट होऊन पाणी सोडतात, तिथे हिला भाजल्या बदामाची चव यायची. ओढून झाल्यावर आत्या पाइप उलटा करायची. राख पांढरी, पाइप कोरडा, जीभ शाबूत. तिन्ही जमली तरच डबा दुकानात जायचा. डॉक्टरांनी पाइप सोड म्हणून सांगितल्यावर तिनं घरचा सोडला. कामाचा ठेवला, एका वडीला एक. “तो माझा नाही, कारखान्याचा आहे,” असं तिनं डॉक्टरांना ऐकवलं.

तर अशी चाळीस वर्षं गेली. थोरले मालक गेले आणि त्यांची मुलगी मालकीण झाली. तिला सगळे ताई म्हणायचे. याच ताईनं लहानपणी वडिलांच्या कामगारणीला ‘आत्या’ म्हणायला सुरुवात केली होती आणि मग तिच्यामागून सगळं गाव म्हणायला लागलं. पानांच्या ढिगावर झोपणारी ती पोर आता चष्मा लावून दुकानात बसायची, आणि तिला दिसायचं की पिवळे डबे फळीवरून हलत नाहीत. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी झाली, नवी दाराशी येऊन वास घेतात आणि गोड काही आहे का विचारतात.

एका सकाळी आत्या मागच्या खोलीत आली तर खोलीला चेरीचा वास. टेबलावर अर्काची बाटली आणि शेजारी मुरलेली, सहा आठवडे दाबाखाली राहिलेली शेवटची वडी, चिरून, मोकळी करून, अर्कात भिजवलेली.

“हे कुणी केलं?”

“मी,” ताई म्हणाली. “आत्या, चिडू नकोस. लोकांना खोलीत दरवळ हवाय. ओढणाऱ्याच्या बायकोला आवडली तर तो घेतो.”

“मग बायकोला अत्तर दे. तंबाखूला कशाला आंघोळ घालतेस?”

“डबा हाच राहील, नाव हेच राहील. नुसता वास बदलेल.”

“आणि खालचे दोन शब्द?”

“तेही राहतील.”

इथे आत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाव काय, ते ताईनंच दिलेलं होतं, ताईनं परत घेतलं असतं तर तिनं हूं की चूं केलं नसतं. पण ते दोन शब्द तिचे होते. एका जिन्याखाली, तुटका पाइप तोंडात धरून ते तिनं कमावले होते. ओल्या, साखरी तंबाखूवर ते लावायचे म्हणजे तिच्या जिभेनं खोटं बोलायचं.

“दोन्ही ओढून बघू,” ती म्हणाली. “तुझी आणि माझी. तळापर्यंत. जी चावेल तिच्या डब्यावरून शब्द जातील. माझी चावली तर माझ्या.”

“चालेल. पण तुझी मुरलेली वडी तर मी वापरली. दाबाखाली आहे ती परवाच लावलीय ना? सहा आठवडे थांबू. घाई काय आहे?”

ताईनं हे चांगल्या मनानं म्हटलं होतं. आत्याला मात्र ते हिणवल्यासारखं लागलं. “माझ्या मालाला तुझ्या सवलती नकोत,” ती म्हणाली. “येत्या सोमवारी.”

आणि आठव्या दिवशी तिनं दाबाचा स्क्रू उलटा फिरवला. चाळीस वर्षांत ज्या स्क्रूला सहा आठवड्यांआधी हात लावणाऱ्याला तिनं फैलावर घेतलं होतं, तो तिनं आपल्याच हातानं सोडला. वडी मऊ निघाली. रंगही पुरता चढला नव्हता. आत्यानं ते पाहिलं आणि पाहिलं नाही. रागाच्या भरात माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो, आणि आत्या तर रागानंच आयुष्य चालवत आली होती.

पारखायला बोलावलं होतं घड्याळजींना. चौकातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांचं. तीस वर्षं पिवळ्या डब्याशिवाय दुसरं काही त्यांनी ओढलं नव्हतं. सकाळी त्यांनी आणि आत्यानं चेरीची ओढली. घड्याळजी तोंडं वेडीवाकडी करत होते. “न्हाव्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटतंय,” ते म्हणाले. आत्या ओढत राहिली. तळाशी पाइपात पाणी गुरगुरलं. पाइप उलटा केला तर राख ओली, काळपट. पण तिनं जीभ दातांवरून फिरवली, टाळूला लावली, पुन्हा फिरवली. मुरलेलं पान होतं ते. अर्कात बुडवलं तरी सहा आठवड्यांची शांतता त्याच्यात होतीच. चावत नव्हतं.

मधे दोन तास गेले. मग आत्याची. पहिले झुरके सुरेख. घड्याळजी खुर्चीत मागे रेलले. निम्म्यावर आल्यावर आत्याला कळलं. जिभेच्या शेंड्यावर आधी एक टोचणी, मग चरचर, मग सरळ आग. बदामाचा पत्ता नव्हता. तिनं पाइप खाली ठेवला नाही. तळापर्यंत ओढली.

घड्याळजींचाही पाइप संपला. “वा!” ते म्हणाले. “हात तो आत्याबाईंचाच. चावत नाही.”

ताईनं सुस्कारा सोडला. चष्मा काढून पुसला. “ठीक आहे, आत्या. तू जिंकलीस. चेरीच्या डब्यावरून शब्द काढते.”

आत्यानं बोलायची गरजच नव्हती. ताई पाइप ओढत नव्हती, तिला कधीच कळलं नसतं. घड्याळजींनी ते गुपित मरेपर्यंत सांभाळलं असतं. पण घड्याळजींनी पाण्याचा पेला उचलला, आणि घोट गिळायच्या आधी त्यांची जीभ बंद ओठांमागे, दातांवरून, हळूहळू फिरताना आत्याला दिसली. तिला ते चौघं आठवले. डोळे मिटलेले, माना डोलवणारे. इतकी वर्षं ज्यांच्यावर ती थुंकत आली, त्यांच्यातला पाचवा तिच्यासमोर बसला होता, आणि तो तिच्या प्रेमापोटी बसला होता.

“खोटं बोलताय,” ती म्हणाली.

“अहो आत्याबाई...”

“चावते.” खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात. “माझी चावते. आठ दिवसांत वडी काढली मी, मस्तीनं काढली. हिची नाही चावत. पाणी सोडते, राख काळी पडते, बदामबिदाम काही नाही. पण चावत नाही.”

“चावली तरी आम्ही तीच ओढू,” घड्याळजी ओशाळून म्हणाले.

“तुमची जीभ, तुम्ही पोळा. माझ्या डब्याच्या नावावर नको.”

आत्या उठली. टेबलावर तिच्या नव्या डब्यांची रांग लावलेली होती. एकेका डब्यावरून तिनं नखानं लेबलाची खालची पट्टी सोलून काढली, ते दोन शब्द, आणि सगळ्या पट्ट्या ताईपुढे ठेवल्या. रागानं सोलल्या की लाजेनं, ते तिलाही सांगता आलं नसतं. वाईट मात्र फार वाटत होतं. “घे. तुझ्या डब्याला लाव. हक्काचे आहेत.”

“आत्या, राहू दे ना. आपल्या घरातली गोष्ट आहे.”

“घरातली आहे म्हणून तर. लाव.”

ताईनं लावले. चेरीचे डबे ‘चावत नाही’ म्हणून दुकानात गेले आणि बरे खपलेही. आत्या रोज त्यांच्यासमोरून मागच्या खोलीत जायची. मान खाली घालून नाही, वर करून. मागे तिनं नवी वडी दाबाखाली घातली होती, स्क्रू घट्ट केला होता आणि लोखंडावर खडूनं तारीख लिहिली होती. सहा आठवडे तिनं त्या स्क्रूकडे पाठ करून काम केलं.

बेचाळिसाव्या दिवशी वडी निघाली, काळसर आणि घट्ट, सुरी लावावी लागेल अशी. आत्यानं ती चिरली, मोकळी केली, वाऱ्यावर पसरली, आणि मग पाइप भरून बसली. ताई दारात उभी राहिली. गवत आलं. कपाट आलं. अगदी शेवटी, राखेच्या वर, बदाम आला. आत्यानं पाइप उलटा केला आणि ताईला राख दाखवली. पांढरी.

ताईचे डोळे भरून आले होते. “शब्द परत देते तुला,” ती म्हणाली. “चेरीवरून काढते सगळे.”

“नको. ते तू रीतसर मिळवलेस. दिलेलं मी परत घेत नाही.”

“मग डबा असा कोरा पाठवायचा?”

“कोरा कशाला?” आत्यानं पाइप झटकला आणि पुन्हा भरायला घेतला. एका वडीला कारखान्याचा एक पाइप ठरलेला होता. हा दुसरा होता, पण आज डॉक्टरांनीही तोंड उघडायचं नव्हतं. “छापणाऱ्याला सांग. त्याच जागी, पण अक्षर मोठं. वरच्या नावाएवढं मोठं.”

“काय लिहू?”

आत्यानं काडी ओढली.

“लिही : तळापर्यंत ओढून बघा.”