झूराकान आपांची दुवा आणि पाकिटातलं सूप

स्वयंपाकघराच्या दारावरचा फुलाफुलांचा पडदा बाजूला झाला आणि झूराकान आपांनी प्रवेश केला. डोक्याला पांढराशुभ्र रुमाल, अंगात मखमली जाकीट आणि चालीत असा डौल, की कोच्कोर गावातल्या त्या धुरकट खोलीला घटकाभर रंगमंचाची कळा यावी. समोर प्रेक्षक एकच. जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला मोबाईल.

“आपा, रुमाल घसरलाय,” थोरली सून नारगुल म्हणाली. आईला, सासूला, गावातल्या वडीलधाऱ्या बाईला तिथे आपाच म्हणतात.

“घसरू दे. दुवा काय रुमालातून निघते?”

जेवण उरकलं की वडीलधाऱ्यांनी दोन्ही तळवे उघडून दुवा द्यायची, बाकीच्यांनी ‘ओमीन’ म्हणत तोंडावरून हात फिरवायचे. आपा तेच मोबाईलसमोर करत, आणि तो व्हिडिओ जगभर जाई. “परदेशात भांडी घासणाऱ्या माझ्या लेकींनो, तुमच्या कमरा शाबूत राहोत! घरमालकाला वेळेवर झोप लागो!” व्हिडिओखाली ‘ओमीन, आपा’चा पाऊस पडे. आपांची नजर मात्र एकच ओमीन शोधे. धाकट्या लेकाचं, तालांतचं. त्याचा लाडका घोडा आपांनी विकला, म्हणून तो रुसून मॉस्कोला गेला होता. फोन करत नसे. पण रोजच्या दुवेखाली त्याचं ओमीन हजर! आपांची कमाई एवढीच.

एके दिवशी बिश्केकहून एर्निस नावाचा तरुण आला, एका सूप कंपनीचा. “आपा, हे पाकीट हातात धरून दुवा द्या. दरमहा पैसे, आणि कपडे धुण्याचं मशीन आत्ताच. गाडीत आहे.”

नारगुलने आपले थंड पाण्याने फुटलेले हात ओच्यात लपवले. आपांना ते दिसले.

“आधी चाखते. न खाल्लेल्या अन्नाला दुवा देत नाहीत आमच्यात.”

त्यांनी एक घोट घेतला. चेहरा असा झाला, जणू ऐन प्रयोगात मिशी सुटून तोंडात गेली.

“कसं आहे?” एर्निसने विचारलं.

“गरम आहे.”

तरीही सुनेच्या हातांकडे बघून आपांनी पाकीट उचललं. “या सुपाने घरोघरी बरकत येवो!” मशीन मोरीत बसलं, व्हिडिओखाली पसंतीचे लाल बदाम हजारोंनी आले. शेजारीण कुंपणावरून ओरडली, “काय आपा, आमच्या नातवाला दुवा पाकिटातूनच मिळणार का आता?”

तालांतचं ओमीन मात्र आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आपा मोबाईल झटकून बघत, बंद पडलेल्या घड्याळासारखा.

“लाजला माझा पोरगा,” त्या म्हणाल्या. “खोटी दुवा दिली मी. नारगुल, तुझं मशीन जाईल हं.”

नारगुलने मोरीकडे एकदा बघितलं आणि बरणी पुढे सरकवली. “बोला आपा. तसंही ते मशीन सुरू केलं की नाचत नाचत दारापर्यंत येतं.”

आपांनी तळवे उघडले. “ते सूप मी खाल्लं, लेकरांनो. बनवणाऱ्याच्या हातून मिठाचा डबा लवकर सुटो! त्याची आई शंभर वर्षं जगो आणि त्याला रोज हाडांचा खरा रस्सा पाजो! ओमीन!”

सकाळी एर्निस दारात. चेहरा पांढरा. “आपा, मालक भडकलेत. मशीन न्यायला आलोय.”

“ने की. पण रिकाम्या पोटी एवढं जड उचलतोस? बस, रस्सा घे.”

तो बिचारा तीन वाट्या प्याला. आपा त्याच्यासाठी तळवे उघडणार, तोच फोन वाजला. तालांत! नारगुलने स्पीकर सुरू करून तो आपांसमोर धरला. आवाज आजारी, पण हसू दाबलेला.

“आपा, कालची दुवा आत्ता बघितली. एक दिवस आधी द्यायची ना! तुम्ही त्या सुपाला दुवा दिलीत म्हणून इथल्या आपल्या लोकांच्या दुकानातून पाच पाकिटं आणली. ओमीन खाऊन झाल्यावर म्हणायचं, हे तुम्हीच शिकवलंत. खाल्लं, आणि तेव्हापासून पोट धरून बसलोय.”

आपांनी डोळे पुसले. मोरीतून मशीन ओढत निघालेला एर्निस थबकला.

“आता म्हणू का ओमीन?” तालांतने विचारलं.

“अरे गाढवा, ओमीन राहू दे, आधी पाणी पी!”