चिमटाबाईचं मूळ गाणं

चिमटाबाईचा आवाज गोड नव्हता. फाटक्या सुपात धान पाखडावं तसा खरखरीत होता. पण आरमोरीकडच्या आमच्या गावात भाताचा रोवणा लागला की पहिलं बोलावणं तिलाच जायचं. गुडघाभर चिखलात वाकून ती ओळ टाकायची आणि आम्ही बायका ती मागून झेलायचो. हातातलं रोप कधी चिखलात गेलं ते कळायचंही नाही.

तिचं गाणं दरवेळी नवं असायचं, शेताच्या कडेला धुऱ्यावर जो उभा असेल त्याच्यावर. मालकाने पाणचट चहा पाठवला की त्या चहात बेडूक पोहायला लागायचे. नव्या सुनेने चिखल पाहून नाक मुरडलं की तिच्या माहेरची गादी गाण्यात यायची. म्हणून सगळे तिला चिमटाबाई म्हणायचे. मी मावशी म्हणायचे. कुणी रागावलं तर ती म्हणायची, "तुले गान्यात घेतलं, घरात नाई घेतलं. येवढा काऊन फुगून राह्यला?" रागावलेला माणूसही मग हसायचा. माझ्या नवऱ्याच्या घोरण्यावर तिने कडवं रचलं तेव्हा तो मात्र कितीतरी दिवस भाताच्या बांधीकडे फिरकला नाही.

दिलीप तिच्या बहिणीचा मुलगा. आई गेल्यावर मावशीनेच त्याला वाढवलं, शिकवलं. तो मास्तर झाला आणि पुढे लोककला जतन करायच्या सरकारी कामावर गेला. एका रोवण्याला तो आपल्या साहेबांना आणि रेकॉर्डिंगवाल्यांना घेऊन बांधीवर आला. मावशीने एकच अट घातली.

"पोरींले चिखलात उतरवशीन तर गातो. मी मेल्यावर ओळ कोन टाकन?"

दिलीपने तिच्या पायाला हात लावला. "पोरींचं शिबिर इथीच घेऊ मावशी. तूच शिकवशीन."

साहेब पांढरे बूट घालून धुऱ्यावर अंग चोरून उभे होते. मावशीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळ टाकली:

"पांढऱ्या जोड्याचा सायेब आला गं धुऱ्यावर,
चिखल मने, बाप्पा, पाय टाक ना माह्यावर!"

साहेब पोट धरधरून हसले. रेकॉर्डिंग झालं, माणसं गेली, आणि मावशी शिबिराची वाट पाहू लागली. कोणत्या पोरीची जीभ तिखट आहे, हेसुद्धा तिने हेरून ठेवलं होतं.

शिबिर झालं, पण तालुक्याच्या सभागृहात, पंख्याखाली. दिलीपने रेकॉर्डिंग लावून मुलींकडून तेच कडवं घोटून घेतलं. आम्हाला पत्ताच नव्हता. मावशीला बोलावणं आलं ते शेवटच्या दिवशी, शाल घ्यायला आणि मुलींसोबत गायला. सोबत मी गेले होते.

मंचावर सोफ्यात पाहुणे डुलक्या घेत होते. मावशीच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. तिने त्यांच्यावर ओळ टाकली आणि मागे वळून पाहिलं. कुणीच झेलली नाही. एक मुलगी कानाशी वाकून म्हणाली, "आजी, चुकलं तुमचं. पांढरा जोडा म्हना."

दिलीप धावत मंचावर आला. "मावशी, मूळ गानं म्हन."

"मूळ मंजे कोनतं रे?"

त्याने हाताने खूण केली आणि रेकॉर्डिंग सुरू झालं. मावशीचाच आवाज भोंग्यातून यायला लागला. मुलींनी तो बिनचूक झेलला. मावशी उघड्या तोंडाने मध्ये उभी होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. 

परतताना बसमध्ये मी दिलीपला शिव्या घालत होते. मावशी एवढंच म्हणाली, "पोरींचा दोष नाई. त्यांचे पाय कोरडे ठेवले यानं."

पुढच्या रोवण्याला दिलीप पुन्हा आला, मोबाइल पुढे धरून. "मावशी, वरून नवीन गानं मागून राह्यले. माह्यावरच म्हन ना. कितीबी चिमटे काढ."

आम्ही सगळ्या झेलायला तयार झालो. मला तर वाटत होतं, आज याची सालटी निघणार. मावशी कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"तुह्यावर काईच सुचून नाई राह्यलं, बापू," ती म्हणाली. "राग आला तं गाता येते. तुह्यावरचा जीवच उडाला, तं काय गाऊ?"

ती वाकली आणि रोवू लागली. दिलीप मोबाइल हातात धरून बराच वेळ तिथेच उभा होता. त्याच्याकडे कुणी वर पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेली. दिलीपला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. त्याने गाणं जपलं, हे खरं आहे. दरवर्षी स्पर्धेत ते म्हटलं जातं आणि बक्षीसही मिळवतं. इकडे रोवण्याला आम्ही त्याच बायका त्याच बांधीत उतरतो. मला फक्त झेलता येतं. आयुष्यभर तेच केलं. रोपं हातात घेऊन आम्ही क्षणभर थांबतो, एकमेकींकडे बघतो, आणि मग मुकाट्याने रोवायला लागतो.