सोडलेल्या जागेचा पत्ता

माझ्या दाजींइतका संशयी माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये सापडायचा नाही, आणि तो नेमका माझ्या ताईच्या वाट्याला आला. ब्राउझरमधल्या त्रुटी शोधणं हे त्यांचं काम. एकदा वाकडच्या घरी जेवताना त्यांनी मला ते समजावलं होतं. "ब्राउझर कामापुरती मेमरीत जागा घेतो, काम झालं की सोडतो. पण तिचा पत्ता कुठेतरी पुसायचा राहतो. मग त्या जागेत भलताच कुणी येऊन बसतो, आणि ब्राउझर त्यालाच जुना माणूस समजून त्याचं ऐकतो." चाकणच्या कारखान्यात प्रेसवर पत्रे दाबणाऱ्या मला एवढंच कळलं, की आमटी गार झाली.

हा धसका त्यांनी घरीही आणला. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजाऱ्याचा फोन मागून आधी ब्राउझर अपडेट करणार, मग जिलेबीला हात लावणार. सोसायटीत कुणी फ्लॅट सोडला, की दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळवून खालच्या बोर्डावरचं नाव त्याच दिवशी काढायला लावत. एकदा एक भाडेकरू नुसता आठवडाभर गावी गेला होता. परत आला तर गेटवर त्याला स्वतःच्याच घरी पाहुणा म्हणून सही करावी लागली. "मला तर माहेरी जायचीही भीती वाटते बाबा," ताई हसत म्हणाली होती.

गेल्या हिवाळ्यात ताई आजारात गेली. तेराव्यानंतर मी आणि दाजी लिफ्टपाशी उभे होतो, तर बोर्डावर दाजींचं एकट्याचंच नाव. शेजारची जागा खरवडलेली. सोसायटीचा लातूरकडचा वॉचमन चाचरत म्हणाला, "सायेब, तुमीच सांगितलं होतं की, माणूस गेलं की नाव काढायचं म्हणून."

"बरोबर केलंस," दाजी म्हणाले. लिफ्ट आली आणि गेली, ते तिथेच उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या रविवारी गेलो तर त्या जागी मार्करने, वाकड्या अक्षरात, ताईचं नाव होतं. अक्षर दाजींचं. ते आपणहूनच म्हणाले, "चूक आहे, कळतं मला. राहू दे."

अजूनही गेलो की ते माझा फोन मागून घेतात, ब्राउझर अपडेट करतात. परत देण्याआधी मात्र त्यात ताईचा नंबर आहे ना, तेवढं बघून घेतात.