दहा नखं

सफूराबी नवी नवरी होती, तेव्हा तिने पडद्याआडून सासू आणि आतेसासूचं भांडण ऐकलं होतं. मोहल्ल्यातली एक बाई वारली होती. तिला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ घालायची, तर बोटातली अंगठी काही निघेना, आणि गुस्लमध्ये अंगावर केसाएवढी जागाही कोरडी राहिलेली चालत नाही.

"असू दे गो, साबण लावून फिरव. जाईल पाणी खाली," आतेसासू म्हणाली.

"जाईल म्हंजे? तू बघितलंस? वर जाऊन जबाब तू देनार हाय?" सासू कडाडली. "पक्कड आणा!"

"आलीय मोठी सोनारीण!"

अंगठी कापलीच. पुढे सासूच्या हाताखाली सफूरा हेच काम शिकली. पनवेलच्या त्या मोहल्ल्यात बाईमाणूस गेलं की बोलावणं हिलाच. चाळीस वर्षं कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. तोंडाची फटकळ, पण मय्यतीला हात लावायची तो असा, जणू बिचारीची झोपमोड होईल.

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर काम दुसरीकडे जाईल ना! हात सवयीने चालत होते.

त्यातच थोरली जाऊ मरियम गेली. आठ महिने अंथरुणाला खिळलेली. सफूराबीनेच तिला न्हाऊ घातलं. आधी वुजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुणं, मग उजवं अंग, मग डावं, शेवटी कापराचं पाणी. दफन झालं.

तिसऱ्या दिवशी मरियमची सात वर्षांची नात नमीरा येऊन मांडीवर बसली.

"छोटी दादी, दादीच्या पायांना मी नेलपॉलिश लावलेली. एकदम फिकी गुलाबी. छान दिसत होती ना?"

त्या रंगाखाली पाणी जात नाही. दहा नखं कोरडीच राहिली. जाऊबाई अर्धी न्हाऊन मातीत गेली, आणि तीही सफूराबीच्या हातून.

दोन दिवस घास उतरला नाही. मग मौलानांना विचारलं. ते म्हणाले, "नकळत झालं, आपा. अल्लाह माफ करणारा आहे. त्यासाठी कबर उघडायची नसते."

नकळत? नखं नकळत राहिली, खरं. पण दिसत नाही, हे तर हिला चांगलं कळत होतं.

तशीच उठून ती मरियमच्या मुलाकडे, तौफीककडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. तौफीक म्हणाला, "चाची, डोळ्यांचं मला सांगायचंस ना. दवाखान्यात नेली असती." माफ केलं, असं तो बोलला नाही. हिनेही माफी मागितली नाही. त्याच्या बायकोला, शबिस्ताला, एवढंच म्हणाली, "यापुढे तू. मी शिकवीन."

तौफीकने ऑपरेशन करवलं. डोळे लख्ख झाले. बाया म्हणाल्या, आता ये परत. हिने पुन्हा मय्यतीला हात लावला नाही. भिंतीशी बसून शबिस्ताला नुसती सांगायची, "नखं बघ गो. पायाचीपण."

गुस्लच्या पाण्यात बोरीची पानं लागतात. ती आणायचं काम मात्र तिने सोडलं नाही. गेल्या थंडीत, स्वतः वारायच्या आधी आठच दिवस, अशीच सुकापूरला शेतकरी बळीरामच्या बोरीच्या कुंपणाशी रिक्षातून उतरली.

"पानं नेते रे, बळीराम."

"ने की, आक्का. इचारतेस काय दर टायमाला? काटे बघ."

"दिसतात मला."

किडकी पानं बाजूला टाकत तिने पिशवी भरली. मय्यतीच्या दारात ती शबिस्ताच्या हातात दिली, आणि चपला काढून भिंतीशी जाऊन बसली.