सगळ्यांना सारखं पाणी

चढावरच्या शेवटच्या घरात शिलाईकाम करणाऱ्या ताईला धाकटा भाऊ एकच, आणि तो अध्यक्ष. कशाचा, हे दरवर्षी बदलायचं. अध्यक्षपण तेवढं कायम. सध्या पाणी समितीचा होता. कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन ‘शाश्वत’ हा शब्द घेऊन आला होता आणि भाजीत मीठ पडावं तसा तो प्रत्येक वाक्यात टाकत होता. समितीत महिला सदस्य लागते म्हणून त्यानं ताईलाच घेतलं. तिचं काम एकच, त्यानं डोळ्यानं खुणावलं की हात वर करायचा.

पूर्वी पाणी सोडणारा वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा, वरच्यांचं भरलं की खालचे. हे कुणी शिकवलं नव्हतं. भांडून भांडून ठरलं होतं. अध्यक्षांना ते मागासलेलं वाटलं. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडायचे, सगळ्यांना सारखा वेळ, म्हणजे सगळ्यांना सारखं पाणी, असा उजेड त्यांनी भर सभेत पाडला.

“अरे, पण आमच्याकडं चढ आहे ना?” ताई म्हणाली.

“ताई, चढ ही मानसिकता आहे. हात वर कर.”

चारचौघांत भावाचा पोपट नको म्हणून तिनं मुकाट्यानं हात वर केला. त्या हाताचा तिला नंतर इतका राग आला, की कात्री धरतानाही ती त्याला मनातल्या मनात शिव्या घालायची.

पाणी खालीच जिरलं. खालचे लोक गाड्या धुऊ लागले, अध्यक्षांच्या अंगणात तर चिखल व्हायला लागला. वरच्या नळाला नुसती हवा. आणि ताईच्या घरात अंथरुणाला खिळलेली आई, तिची आणि अध्यक्षांचीही. ताईची कंबर गेलेली, खालून आणलेल्या एका कॅनमध्ये स्वयंपाक व्हायचा. आईची अंघोळ राहायची, चादरी वास मारायच्या. आई नुसती लाजायची. ते ताईला बघवायचं नाही.

“वेळ समान आहे ना, मग झालं तर,” अध्यक्ष म्हणायचे.

एक दिवस ते लोकसहभागाचा अभ्यास करणारे पाहुणे घेऊन वर आले. पाहुणे प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते. “हा आमचा शेवटचा नळ,” म्हणत अध्यक्षांनी ऐटीत तोटी फिरवली. नळ बराच वेळ फुसफुसला.

“आला का गं तो?” आतून आई म्हणाली. “भाषण चालू झालेलं दिसतंय.”

एक पाहुणी फिसकन हसली. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. नळाचं आधीच पळालं होतं. ताईनं रिकामा कॅन आणला.

“हात वर कर,” ती म्हणाली.

सभेची सवय! त्यानं केला. तिनं कॅन त्याच्या खांद्यावर ठेवला आणि वर केलेल्या हातात कडी दिली. “तुझ्या अंगणातून भरून आण. आईला अंघोळ घालायचीय.”

पाहुणे बघत होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. भरलेला कॅन घेऊन अध्यक्ष वर आले ते घामानं निथळत, आणि त्यांनी पायरीवर बसकण मारली.

“ताई, चढ फार आहे गं.”

“मानसिकता आहे रे ती,” ताई म्हणाली. “ऊठ, चादरी राहिल्यात अजून.”